खाण बंद, पंप चालू

गोव्याच्या लोहपट्ट्यात खनिज आणि पाणी एकाच जागी असतात. वर जांभ्याचा थर, त्याखाली पिवळ्या, जांभळ्या, काळपट चिकणमातीचे पट्टे आणि त्यांच्याखाली भुसभुशीत लोहखनिज. जांभा सच्छिद्र, तो पाऊस शोषून घेतो आणि गावच्या विहिरी त्याच्या जिवावर चालतात. खालचे भुकटीसारखे खनिजही तसेच सच्छिद्र, त्यामुळे तेही पाण्याने भरलेले. खाण खोल गेली की ती थेट भूजलाच्या साठ्यात उतरते. खनिज काढायचे तर आधी पाणी उपसावे लागते, आणि मग उपसतच राहावे लागते.

डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या पर्यावरण विभागात रुजू झालेल्या तरुण अभियंतीला हे कुठल्या पुस्तकात शिकायला मिळाले नव्हते. ती सावंतवाडीची. कोल्हापूरला स्थापत्य शिकली, पुढे सांडपाणी शुद्धीकरणाचा अभ्यास केला. सांडपाणी म्हणजे पाइपातून येणारे, टाकीत साठणारे, ठरलेल्या प्रमाणात रसायन घालून स्वच्छ करायचे पाणी, अशी तिची तयारी होती. खाणीवरच्या पाण्याला पाइप नव्हता. ते आभाळातून कोसळत होते, खड्ड्याच्या कड्यांतून पाझरत होते, खनिज धुण्याच्या केंद्रातून लालभडक होऊन बाहेर पडत होते. आणि ते जिथे उतरत होते तिथे कुणाचे तरी भातशेत होते.

हा काळ २००० च्या दशकाच्या अखेरचा. चीनची मागणी शिगेला पोचलेली, रस्त्यावर टिप्परची रांग तुटत नसे, मांडवीतून बार्ज दिवसरात्र मुरगावकडे जात. हुद्द्यात 'पर्यावरण' हा शब्द असला तरी तिच्या रोजच्या कामात होता तो चिखल. त्या चिखलाने तिला जे शिकवले, ते पुढे तिने गोव्यात आणि कोकणात जिथे जिथे काम केले तिथे खरे ठरत गेले. खाणीचा कचरा म्हणजे खाणीचे उरलेसुरले काम नव्हे, तेच मुख्य काम आहे. खनिज जहाजात चढते आणि निघून जाते. माती आणि पाणी गावातच राहतात.

गोव्यात एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उचलावा लागतो. २०१०-११ च्या सुमारास राज्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात होत होते. त्यामागे किती डोंगर हलले याचा हिशेब कुणीही करू शकेल. ही माती ठेवायची कुठे, हा इथला जुना पेच. पोर्तुगिजांनी दिलेली खाणकामाची कन्सेशन्स १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे झाली, पण त्यांचा आकार तसाच राहिला. बहुतेक पट्टे शंभर हेक्टरच्या आतले. तेवढ्याशा जागेत खड्डा, रस्ते, धुण्याचे केंद्र, गाळाचे तळे आणि टाकाऊ मातीचा ढीग असे सगळे बसवायचे. मग ढीग वर चढत गेले; कुठे तीस मीटर, कुठे पन्नास. खाणीवर त्यांना सगळे 'डंप' म्हणतात. डंपच्या पायथ्याशी व्हाळ म्हणजे ओढा आणि व्हाळाच्या पलीकडे शेती, असे चित्र डिचोली-सत्तरीत जागोजागी दिसे.

त्यावर पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शंभर हेक्टरच्या खाणीवर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत तो सहज होतो, तर एक लाख घनमीटर म्हणजे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले जुने सामायिक शुद्धीकरण केंद्र दिवसाला अडीच कोटी लिटरचे होते. म्हणजे एका मध्यम खाणीवर एका दिवसात त्याच्या चौपट पाणी येते, तेही मातीने भरलेले. एवढे पाणी यंत्राने शुद्ध करता येत नाही. ते गढूळ होऊ न देणे, हा एकच मार्ग उरतो.

म्हणूनच तिचा खरा हंगाम मे महिना. उन्हाने जांभा तापलेला असायचा, टिप्परचे चालक कावलेले असायचे आणि उत्पादन विभागाला पावसाआधी जास्तीत जास्त माल काढायचा असायचा. नेमके त्याच वेळी तिला पोकलेन हवा असे. डंपभोवतीच्या चराची माती काढायची. पायथ्याची जांभ्या दगडाची भिंत कुठे ढासळली असेल तर पुन्हा रचायची. डंपच्या प्रत्येक पायरीला आतल्या बाजूने उतार द्यायचा, म्हणजे पाणी कडेवरून खाली न घसरता आत वळेल आणि चरातून शांतपणे उतरेल. नव्या उतारावर काथ्याची जाळी अंथरायची, खुंट्या मारायच्या, जाळीच्या घरात वाळ्याची रोपे लावायची. वाळ्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात; पण ती रुजायला दोन-चार सरी तरी हव्यात. त्यामुळे वळवाच्या पहिल्या सरींची वाट ती शेतकऱ्याइतक्याच आतुरतेने पाहत असे.

त्यानंतर गाळाच्या खड्ड्यांची पाळी. चरातले पाणी एकापाठोपाठ एक अशा तीन-चार खड्ड्यांतून जाते. पहिल्यात वाळू बसते, दुसऱ्यात बारीक रेती, तिसऱ्यात पोयटा. हे खड्डे मागच्या पावसाळ्याच्या गाळाने भरलेले असतात. ते मेमध्ये उपसले नाहीत तर जूनमध्ये त्यांचा उपयोग शून्य. कागदावर चार खड्डे दिसतात, प्रत्यक्षात पाणी त्यांच्यावरून सरळ वाहत जाते. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला खड्डा दिसतो. तो किती भरला आहे हे काठी घातल्याशिवाय कळत नाही. म्हणून तिने एक लांब बांबू घेऊन त्यावर दर अर्ध्या फुटाला रंगाच्या खुणा करून घेतल्या. कुठल्याही खड्ड्यापाशी गेली की आधी बांबू घालायचा आणि मगच बोलायचे.

गोव्याच्या खाणीतली चिकणमाती मात्र या खड्ड्यांना दाद देत नाही. साठ मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला चार-पाच मिनिटे घेतो. दोन मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ तीन दिवस लागतात. कण तीस पट बारीक झाला की वेळ नऊशे पट वाढतो. भर पावसात कुठल्याही खड्ड्यात पाणी तीन दिवस थांबत नाही. त्यामुळे चौथ्या खड्ड्यातून बाहेर पडणारे पाणीही लालच असते, आणि नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तरंगती माती नको, हा नियम पहिल्याच जोरदार सरीत मोडतो.

त्यावर उपाय तुरटीचा. प्रयोगशाळेच्या नावाखाली तिला एक पत्र्याची खोली मिळाली होती. तिथे सहा काचेच्या भांड्यांत व्हाळाचे पाणी घ्यायचे, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत जायची, आधी जोरात ढवळायचे, मग अगदी हळू. योग्य मात्रेच्या भांड्यात दूध फाटावे तशी माती फाटते, लाल पुंजके होतात, खाली बसू लागतात आणि वरचे पाणी नितळ होते. पण इथे आणखी एक अडचण होती. तुरटीला काम करायला पाण्यात थोडा क्षार लागतो आणि पावसाचे ताजे पाणी अगदीच मऊ असते. तुरटी वाढवली की पाणी आंबट होते आणि पुंजके धरतच नाहीत. मग तुरटीआधी चिमूटभर चुना. कुठल्या पावसाला किती चुना, किती तुरटी याचे कोष्टक तिने भिंतीवर लावले, पाळीवरच्या माणसांना शिकवले. त्यातला एकजण शाळा अर्धवट सोडलेला होता. पण पाण्याचा रंग बघून मात्रा सांगण्यात पुढे तो तिच्याही पुढे गेला.

एका बाबतीत गोव्याचे नशीब चांगले, हे ती नेहमी सांगते. इथले खनिज ऑक्साइड आहे, त्यात गंधक जवळजवळ नाही. ज्या खाणींत गंधकाची खनिजे असतात तिथे हवा आणि पाणी लागताच आम्ल तयार होते आणि ते वर्षानुवर्षे तयार होत राहते. मेघालयाच्या जयंतिया टेकड्यांतल्या कोळसा खाणींनी तिथल्या नद्यांची अशीच गत केली; लुखा नदी हिवाळ्यात निळी दिसू लागली. गोव्याच्या व्हाळात आम्ल नाही, चिखल आहे. चिखल थोपवता येतो. मग तो न थोपवण्याला सबब राहत नाही.

धुण्याच्या केंद्रातला चिखल मात्र वेगळ्या जातीचा. कमी प्रतीचे खनिज चाळून, धुऊन, पाण्याच्या भोवऱ्यात फिरवून जड लोहकण वेगळे काढतात. उरतो तो पातळ लाल रबडीसारखा गाळ. त्याला खाणीवर 'टेलिंग' म्हणतात. हा गाळ पाइपाने मोठ्या तळ्यात नेऊन सोडतात. गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी पंपाने पुन्हा केंद्रात येते. चांगल्या चालवलेल्या केंद्रात पाणी फिरत राहते, बाहेर थेंब जात नाही. कसोटी तळ्याच्या बांधाची असते. दरवर्षी गाळ वाढतो, बांध उंच करावा लागतो आणि पावसाळ्यात तळ्यात आभाळाचे पाणीही भरते. बांधाच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत किती जागा मोकळी आहे, या एका आकड्यावर पाळीवरच्या माणसांची झोप अवलंबून असते.

एका जुलैच्या रात्री पंपावरच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, बांदाकडल्यान उदक तांबडें येता." बांधाच्या पायथ्याशी पाझर नेहमीच असतो. मातीचा बांध थोडे पाणी सोडतोच, आणि ते पाणी नितळ असेल तर काळजी नसते. ते गढूळ झाले तर अर्थ एकच: पाणी बांधाच्या आतली माती सोबत घेऊन येते आहे, पोटात वाट तयार होते आहे. अशी वाट खेकड्याच्या बिळापासून सुरू होऊ शकते, कुजलेल्या मुळापासूनही. ती काही तासांत हाताच्या जाडीची होते आणि मग बांध राहत नाही.

ती पोचली तेव्हा पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. तिने रिकाम्या बाटलीत पाझराचे पाणी धरले आणि बॅटरीच्या उजेडात बघितले. तळाशी माती बसत होती. तिथे जमलेल्या दोघा-तिघांच्या हातात मातीची पोती होती. भोक बुजवायचे, हे कुणालाही सुचते. पण बाहेरून भोक बुजवले तर पाणी आतच दाबून दुसरी वाट शोधते. पाणी येऊ द्यायचे, माती येऊ द्यायची नाही, हा खरा उपाय. आधी जाड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि शेवटी जांभ्याचे दगड. वाळू माती अडवते, खडी वाळूला धरते, दगड खडीला. एकीकडे तळ्यातले पाणी दोन पंपांनी जुन्या खड्ड्यात सोडून पातळी उतरवायला सुरुवात केली. पहाटेपर्यंत पंपावरचा तो माणूस दर थोड्या वेळाने बाटली भरून उजेडात धरत होता. उजाडताना बाटलीच्या तळाशी माती बसेनाशी झाली.

बांध का फुटतात, हे तिला पुस्तकातून माहीत होते. पुढे त्याची उदाहरणेही समोर आली. ५ नोव्हेंबर २०१५ ला ब्राझीलमध्ये मारियानाजवळचा फुंदाव बांध फुटला. लोहखनिजाचा सुमारे चार कोटी घनमीटर गाळ खाली आला, १९ माणसे गेली आणि तो लाल लोंढा दोसे नदीतून सहाशे किलोमीटरहून अधिक वाहत अटलांटिक महासागरात पोचला. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, २५ जानेवारी २०१९ ला, त्याच राज्यात ब्रुमादिन्योचा बांध काही मिनिटांत विरघळल्यासारखा कोसळला आणि २७० माणसे गाळाखाली गाडली गेली. दोन्ही ठिकाणी लोहखनिजाचाच गाळ होता आणि दोन्ही ठिकाणी आधीच्या ओल्या गाळावरच पुढचा बांध रचत उंची वाढवलेली होती. ब्रुमादिन्योच्या तळ्यात तर काही वर्षांपासून गाळ सोडणेही थांबलेले होते. बंद पडलेले तळे म्हणजे सुरक्षित तळे, या समजुतीची किंमत तिथे २७० जीवांनी मोजली.

बांधावर रात्र काढणे तिला जमले. ग्रामसभेत बसणे त्याहून अवघड गेले. एका सभेत एक म्हातारे शेतकरी आपल्या शेतातले वाळलेले ढेकूळ पिशवीतून घेऊन आले आणि त्यांनी ते टेबलावर मोडून दाखवले. आत काळा आणि लाल असे थर एकावर एक स्पष्ट दिसत होते. "बाय, हे एकेक तांबडे म्हणजे तुमचे एकेक वर्ष," ते म्हणाले. खाणमाती शेतात बसली की जमिनीची छिद्रे बुजतात. ओली असताना मुळांना हवा मिळत नाही, वाळली की वर कवच धरते. त्या मातीत सेंद्रिय अंश नसतो, त्यामुळे खत घालूनही पीक उठत नाही. काही गावांत शेतकऱ्यांनी पेरणेच सोडून दिले.

भरपाई मिळत असे. शेताच्या क्षेत्राच्या हिशेबाने, दरवर्षी, रांग लावून. तिला ती पद्धत कधीच पटली नाही. भरपाईचा दर ठरला की चिखलाचाही दर ठरतो, आणि खाणीच्या हिशेबात तो दर चिखल थांबवण्यापेक्षा स्वस्त पडू लागतो. व्हाळाचा गाळ खाणीनेच दर मेमध्ये काढावा आणि शेतातला लाल थर खरवडून द्यावा, असे टिपण तिने वर पाठवले. मंजुरी यायला एक हंगाम गेला. तरीही ज्या भागात ते काम झाले तिथे पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतरचे वायंगणाचे भात उभे राहिले, हे तिने स्वतः पाहिले आहे.

पाण्याची दुसरी तक्रार याच्या उलट होती. खड्डा उपसला की आसपासच्या विहिरी मार्चमध्येच तळ दाखवत. शिरगावसारख्या ठिकाणी खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले होते. काही गावांत खड्ड्यातून उपसलेले पाणीच पाटाने शेतीला सोडले जाई, आणि हळूहळू गावाची वायंगण शेती त्या पंपावर अवलंबून राहू लागली. विहीर आटवणारा पंप आणि शेत भिजवणारा पंप एकच होता.

मग सगळे थांबले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आल्यावर १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. बेकायदा उत्खननाला चाप बसणे गरजेचे होते, याबद्दल तिच्या मनात शंका नाही. पण खाणीवर उभे राहून तिने बंदीची दुसरी बाजू पाहिली. आदेशाने पोकलेन थांबतो, टिप्पर थांबतो, पगार थांबतो. पाऊस थांबत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये तर पावसाळा संपायचा होता. कँटीन बंद झाली, हजेरीपुस्तक चार पानांवरून एका पानावर आले, टिप्परचे चालक गाड्या घरी लावून बसले. आणि डंप, चर, गाळाचे खड्डे, तळे, बांध सगळे जागच्या जागी होते. डिझेल कोण देणार, पंप कोण चालवणार, मेमध्ये चर कोण साफ करणार, या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यात तिची पुढची वर्षे गेली. खाण चालू असताना पोकलेन दोन तास मागून घेता येत असे. बंद खाणीवर पोकलेनच नव्हता. ज्या डंपवर वाळा आणि काजू धरला होता तो टिकला. ज्या डंपवर फक्त चर होता तिथे एका पावसाळ्यात चर भरला आणि दुसऱ्या पावसाळ्यात माती व्हाळात उतरली.

खड्ड्यांतले पाणी वर येत गेले. तिने कड्यावर रंगाने आकडे लिहून घेतले होते, एकेक बुडत गेला. बाहेरून आलेल्यांना ते निळेहिरवे तलाव सुंदर वाटत. तिला त्यांच्या कड्यांची धास्ती वाटे. पाण्याने भिजलेला चिकणमातीचा कडा कधी घसरेल याचा भरवसा नसतो. २०२१ च्या जुलैअखेरीस तिच्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे, अतिवृष्टीत खाणीत साठलेल्या पाण्याने बांध फोडला आणि लाल चिखल घरांत, शेतांत, बागायतीत शिरला. ती बातमी वाचून ती दुसऱ्याच दिवशी तिकडे गेली. अंगणात, विहिरीत, सुपारीच्या बुंध्यांशी तोच चिखल होता, जो तिने डिचोलीत इतकी वर्षे अडवला होता.

थांबलेल्या खाणींचे पाणी हा जगभरचा प्रश्न आहे. अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूट इथे बर्कले पिट या तांब्याच्या खाणीचे पंप २२ एप्रिल १९८२ ला बंद केले गेले. पाणी चढू लागले, आम्ल आणि धातूंनी भरत गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये त्या तलावावर उतरलेले ३४२ हिमहंस मेले. आज तिथे शुद्धीकरण केंद्र चालवावे लागते आणि ते किती पिढ्या चालवावे लागेल याला अंत नाही. आपल्याकडे कर्नाटकातल्या कुद्रेमुखची लोहखाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ च्या अखेरीस बंद झाली. तिथला सुमारे शंभर मीटर उंचीचा लक्या बांध आणि त्यामागचा गाळ मात्र पश्चिम घाटाच्या पावसात आजही उभा आहे आणि त्याची राखण आजही करावीच लागते.

भारतात खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून सक्तीचा आहे, आणि त्यासाठी हेक्टरी हमीची रक्कमही ठेवावी लागते. तिने असे अनेक आराखडे वाचले. झाडे किती लावणार, कुठल्या जातीची, याचे तक्ते असतात. पण बंद झाल्यावरच्या पाचव्या जुलैला मध्यरात्री बांधावर कोण असेल, त्याला पगार कोण देईल आणि त्याच्याकडे वाळू-खडीचा साठा असेल का, हे लिहिलेले तिला क्वचितच सापडले.

चांगले काही झालेच नाही असे मात्र नाही. गोव्यातल्या साखळी इथल्या जुन्या खाणीवर उत्खनन संपल्यावर डंपवर झाडी उभी राहिली, खड्ड्यांत मासे वाढवले गेले. तिथे बंद करण्याचे काम खाण चालू असतानाच सुरू झाले होते, म्हणून ते जमले. तंत्रही पुढे गेले आहे. टेलिंगचा गाळ तळ्यात सोडण्याऐवजी दाबयंत्रात पिळून पंधरा-वीस टक्के ओलीपर्यंत सुकवता येतो. मग त्याला बांध लागत नाही, तो रचून ठेवता येतो किंवा संपलेल्या खड्ड्यात परत भरता येतो. तिच्या मते गोव्याच्या अरुंद पट्ट्यांत आणि तीन हजार मिलिमीटर पावसात हाच रस्ता शहाणपणाचा आहे. त्याला खर्च येतो. पण तळ्याचा बांध पिढ्यान्‌पिढ्या राखण्याचा खर्च त्यात मोजला, तर तो जास्त नाही.

जुन्या डंपांतही अजून लोखंड आहे. पूर्वी जे कमी प्रतीचे म्हणून टाकले ते आता विकले जाऊ शकते. ते उचलायला तिचा विरोध नाही. ढीग कमी झाले तर चांगलेच. पण मुळे धरलेला, स्थिर झालेला डंप पुन्हा उकरणे म्हणजे पुन्हा पहिल्या पावसापासून सुरुवात करणे. म्हणून अशा प्रत्येक प्रस्तावात तिचा पहिला प्रश्न असतो, चर आधी की पोकलेन आधी?

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यात खाणींच्या पहिल्या चार ब्लॉकांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. ती आता सल्लागार म्हणून काम करते, खाणींचे पाण्याचे आराखडे तपासते आणि बोलावले तर ग्रामसभांना जाते. तिथे लोकांना ती तीनच गोष्टी मागायला सांगते. मे संपण्याआधी चर आणि गाळाचे खड्डे साफ झाल्याची पाहणी पंचायतीच्या माणसांसमोर व्हावी, आणि ती बांबू घालून व्हावी. पावसाळ्यात व्हाळातल्या पाण्याचे मोजमाप दर आठवड्याला पंचायतीच्या फलकावर लागावे. आणि खाण बंद झाल्यावर पंप चालवण्याचे, बांध राखण्याचे पैसे खाण सुरू होतानाच वेगळ्या खात्यात भरले जावेत. या तीन गोष्टी लेखी मिळेपर्यंत कुठल्याही ग्रामसभेने खाणीच्या बाजूने ठराव करू नये.